पुढच्या साली

"पानी हाय का निखारे? सोलून काढतं का मले?"

वैजयंतीनं कोपर पुन्हा बादलीत बुडवून पाहिलं. पाणी कोमटच होतं. कालही ते कोमटच होतं, पण काल हौसाबाईंनी त्याला बर्फ म्हटलं होतं.

"कोमट हाय, आत्याबाई. हात द्या इकडं."

"तुह्या हाताले काय समजते? दवाखान्यात मुडदे धुऊन धुऊन हातच मेले तुहे."

"मुडदे नाई वो, लेकरं धुते मी. नवेकोरे."

"एकच हाय. दोघाईलेबी उताणं करा, उपडं करा, काई बोलत नाईत."

"तुमी बोलता न. तेवढाच फरक."

हौसाबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी दाबून धरलं. सकाळी सकाळी सुनेला हसून दाखवणं त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. वैजयंतीनं त्यांना अलगद डाव्या कुशीवर वळवलं, पाठीला गुडघ्याचा टेकू दिला आणि ओल्या फडक्यानं पाठ पुसायला घेतली. पाठ स्वच्छ होती. माकडहाडावर साधी लालीसुद्धा नव्हती. वर्ष होत आलं होतं या बाईला खाटेवर.

"अन् ते गाईचे थनं काढ बाप्पा माह्या टाचेखालून. लोक पाह्यतात."

थनं म्हणजे दवाखान्यातले रबरी हातमोजे. वैजयंती त्यात पाणी भरायची, तोंड बांधायची आणि टाचांखाली ठेवायची, म्हणजे टाच गादीला घासत नाही. पाच बोटं वर करून फुगलेले ते मोजे खरोखरच कासेसारखे दिसायचे. भेटायला येणाऱ्या बाया आधी दचकायच्या, मग पाठ उघडून पाहायच्या आणि मग म्हणायच्या, "आंगावर एक फोड नाई वो बाई! सून असावी तं अशी." वैजयंती चहा ठेवायची. प्रत्येक कौतुकासरशी दाराला बाहेरून एकेक कडी लागते आहे असं तिला वाटायचं, पण हे बोलायचं कुणाशी?

मागच्या दिवाळीच्या तोंडावर हौसाबाई मेथीच्या वाफ्यात पाण्याच्या दांडावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. अकोल्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, भूल सोसणार नाही, घरी न्या आणि सेवा करा. 'सेवा करा' म्हणजे काय, हे सगळ्यांना कळलं. ती कुणी करायची, हे तर न सांगताच कळलं. घरात सरकारी नर्स असताना विचारायचं काय? नातेवाईक भेटून गेले. कुणी डोळे पुसले, कुणी बुढीच्या पायावर डोकं ठेवलं. संक्रांत काही पाहत नाही, असं पाहुण्यांत ठरूनही गेलं. मग संक्रांत गेली, होळी गेली, पोळा गेला. हौसाबाई खाटेवर पडल्या पडल्या वाफ्यात काय लावायचं ते सांगत राहिल्या.

वैजयंतीनं त्यांना धुतलेलं लुगडं गुंडाळलं, वेणी घातली, तोंडाशी चहाची बशी धरली.

"आज रंजीता येऊन राह्यली," हौसाबाई म्हणाल्या. "जवाईबी येते म्हनते."

"काहून? काई हाय का आज?"

"मले काय मालूम? मले कोनी काई सांगते का?" त्यांनी बशीवर फुंकर मारली. खरं म्हणजे त्यांना सगळं माहीत असायचं. त्यांची खाट समोरच्या खोलीत होती, कारण टीव्ही तिथं होता. त्यामुळे घरातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या खाटेवरून, दबक्या आवाजात, इकडून तिकडं जायची. हौसाबाईंचं हाड मोडलं होतं, कानांना काही झालं नव्हतं.

*

प्रसूतिगृहात इंझोरीची एक पोरगी कळा देत होती. पहिलटकरीण, घाबरलेली. तिच्या पोटावर रुचिकाचे हात होते. रुचिका नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, जवळजवळ त्या पोरीइतकीच घाबरलेली.

"दाबू नको," वैजयंती म्हणाली. तिनं आपला हात रुचिकाच्या हातावर ठेवला. "शोधायला जाऊच नको. हात नुसता ठेव अन् थांब. कळ ओसरू दे. आता लागलं? कडक, गोल?"

रुचिकाचा चेहरा बदलला. "डोकं आहे, सिस्टर!"

"आता तिला सांग. मला काय सांगते?"

रुचिका त्या पोरीकडे वाकून म्हणाली, "ताई, बाळाचं डोकं खाली आहे, बरोबर आहे." आणि ती पोरगी, जी सकाळपासून नुसती ओरडत होती, तिनं एकदाचं कुणाच्या तरी डोळ्यांत पाहिलं.

याच एका क्षणासाठी वैजयंतीला एम.एस्सी. नर्सिंग करायचं होतं. पगार वाढेल, पद मिळेल, सगळं खरं. पण तिला शिकवायचं होतं. नावानिशी, वर्गात उभं राहून. या पोरींना शिकवायला येणारे काही जण वही उघडून लिहून द्यायचे आणि वही मिटून निघून जायचे. मग पोरी वॉर्डात येऊन वैजयंतीला विचारायच्या. ती सांगायची, ड्यूटी करता करता, चोरून शिकवल्यासारखं. तिचं स्वतःचं शिक्षणही असंच चोरून झालं होतं. आधी नर्सिंगचा डिप्लोमा, आणि त्यावरची पदवी दूरशिक्षणातून, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. एम.एस्सी. मात्र असं होत नाही. दोन वर्षं जाऊन राहावं लागतं. पहिल्यांदा तिनं विषय काढला तेव्हा शिवम पोटात होता. दुसऱ्यांदा नणंदेच्या, रंजीताच्या, पोरीचं लग्न होतं. तिसऱ्यांदा घराचा स्लॅब. दर वेळी घरातले म्हणाले, पुढच्या साली जा. कुणी रागावून म्हणालं नाही. मायेनं म्हणाले, आणि मायेनं म्हटलेल्या गोष्टीशी भांडता येत नाही.

यंदा मात्र तिनं परीक्षा दिली होती आणि नंबर लागला होता, अमरावतीला. सेवेत असलेल्या नर्सेसच्या जागेला वयाची अट होती. यंदा वैजयंती त्या अटीत बसत होती, पुढच्या वर्षी बसणार नव्हती. हे तिनं घरी नवऱ्याला, विकासला, स्पष्ट सांगितलं होतं. विकास "हाव" म्हणाला होता. पण विकास टीव्हीलाही "हाव" म्हणतो.

दुपारी मेट्रन प्रियदर्शनी मॅडमनी तिला आत बोलावलं. दार लावून घेतलं.

"तू सीट सोडतेस?"

"कोण म्हणालं?"

"तुझे मिस्टर. त्यांनी कॉलेजला फोन केला होता. तिथल्या क्लार्कचा मला फोन आला आत्ता." मॅडमनी चष्मा काढला. "ते म्हणाले म्हणे, आमच्या मॅडमची जागा धरून ठेवा, त्या पुढच्या साली येतात. क्लार्क म्हणाला, जागा अशी धरता येत नाही, यंदा येणार की नाही तेवढं सांगा. तर म्हणाले, या साली नाही जमत."

वैजयंती उभीच होती.

"क्लार्क शहाणा निघाला. म्हणाला, उमेदवारानं स्वतः सांगितल्याशिवाय मी नाव कापत नाही. पण उद्या दुपारपर्यंत तू जाऊन हजर झाली नाहीस, तर यादीतली पुढची बाई. मग तो काही करू शकत नाही. आणि मीही."

"मी सोडली नाही, मॅडम."

"मला माहीत आहे. मला नको सांगू. जिथं सांगायचं तिथं सांग."

*

ड्यूटी संपल्यावर वैजयंती घरी गेली नाही, भाजीबाजारात गेली. विकास आपल्या जागेवर बसला होता. पुढ्यात वांगी, मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचा हिरवागार ढीग. दोन बाया जुड्यांचा वास घेत भाव करत होत्या.

"तुमी कॉलेजले फोन केलता?"

विकासनं वर पाहिलं. तो दचकला नाही, उलट त्याचा चेहरा उजळला. "हाव. सांगनारच होतो तुले. तुह्याच कामाचा केलता. जागा धरून ठेवाले सांगतलं."

"कशी धरतात जागा?"

"कशी म्हंजे? आपून इथं कशी धरतो?" त्यानं बुडाखालच्या पोत्यावर थाप मारली. "माय पडली तवा मी किती रोज आलो नाई बाजारात. पोतं हातरलं, वर गोटा ठेवला अन् गेलतो. परतून आलो तं घेतली होती का कोनं जागा? एवढे लोक, कोनं हात लावला नाई. मानसाचा शब्द रायते वैजू."

आणि ते खरं होतं. या बाजारात पोतं आणि दगड ठेवलेल्या जागेवर कुणी बसत नाही. शेजारचा भाऊसिंग तर विकास नसताना ते पोतं रोज झाडून ठेवायचा. विकासला वाटलं, जागा म्हणजे जागा. ती बाजारातली असो की कॉलेजातली. तिथंही कुणी भाऊसिंग असेल. वैजयंतीला राग त्याचाच आला. नवरा खोटा असता तर भांडण सोपं होतं.

"तिथं पोतं नाई हातरत. उद्या दुपारी माह्या जागेवर दुसरी बाई बसते."

"अशी कशी बसते? मी बोललो न त्या मानसासंग. चांगला बोलला तो."

"मले काहून नाई विचारलं?"

"तुले विचारलं असतं तं तू नाई म्हनली असती."

हे त्यानं इतक्या सरळपणे सांगितलं की भाव करणारी बाईसुद्धा जुडी हातात धरून थांबली.

"दादा, सांबार कसा देल्ला?" दुसरीनं विचारलं.

"थांबा न बाई जरासक," विकास म्हणाला. मग आवाज खाली आणून वैजयंतीला, "घरी चाल. रंजीता आली हाय, जवाईबी आले. बसून बोलू. रस्त्यात कायले तमाशा?"

म्हणजे बोलवून घेतलं होतं. रिठदहून नणंद आणि नंदई कारण नसताना सोयाबीनच्या हंगामात उठून येत नाहीत.

वैजयंती पुढं निघाली. विकास मागून मोटरसायकलनं येईल, भाजी आवरून. चालताना तिच्या मनात शिव्या येत होत्या. नवऱ्याला, नणंदेला, आणि चालता चालता स्वतःलाही. कारण तिनं उन्हाळ्यात अर्ज भरला होता तो कशाच्या भरवशावर? नर्स होती ती. असं हाड मोडलेली, असं हृदय असलेली म्हातारी माणसं किती दिवस काढतात, हे तिला अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. प्रवेशाची वेळ येईपर्यंत प्रश्न उरणार नाही, असं काहीतरी तिच्या मनानं ठरवलं होतं. पूर्ण वाक्य तिनं कधी होऊ दिलं नाही. आणि रोज सकाळी त्याच बाईची पाठ ती अशी निगुतीनं पुसत होती की एक डाग पडू नये. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. यातली कुठली खोटी म्हणायची, ते तिला ठरवता येत नव्हतं.

*

रंजीतानं चहा केला होता. साखर तिच्या हातून नेहमी जास्त पडते. नंदई जगदेवराव खुर्चीवर, विकास दाराशी, रंजीता आईच्या पायाशी खाटेवर. हौसाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, डोळे मिटून.

"झोपली वाटते माय," रंजीता हळू आवाजात म्हणाली आणि सभा सुरू झाली.

"वैनी, तुमच्या शिकन्याले कोनी नाई म्हनत नाई," जगदेवरावांनी घसा साफ केला. "उलट अभिमान हाय. आमी रिठदले सांगतो लोकाईले. पन टाइम पाहून करावं लागते."

"टाइम कोनता, भाऊजी?"

"म्हंजे, परिस्थिती."

"मी बाई पाह्यली हाय. शेजारची खेमा दिवसभर राहाले तयार हाय. तिले मी शिकवलं, कूस बदलनं, पाठ चोळनं, सगळं. सकाळ-संध्याकाळ यायनं करावं." तिनं विकासकडे बोट केलं. "मी सुट्टीले येत जाईन."

"परकी बाई?" रंजीता म्हणाली. "माह्या मायले परक्या बाईनं उघडं करावं?"

"मंग तुमी येजा."

"मी? माह्या घरी कोन पाहीन? अन् मले येते का ते सगळं? तुले येते वैनी, तू शिकलेली हायस."

"तुमाले नाई येत, तं शिका. मी शिकवते. तेच कराले चालली मी तिकडं." वैजयंतीचा आवाज चढला. "शिवमले पुन्याले पाठवलं तवा कोनी म्हनलं का टाइम पाहून जाय? तवा हीच माय खाटेवर होती. तो शिकाले गेला तं घराचं नाव. अन् मी शिकाले गेली तं घर उघडं पडते?"

"पोट्ट्याचं अलग हाय," विकास म्हणाला.

"काय अलग हाय?"

"अवं, त्याचं वय हाय ते."

"अन् माहं वय जाऊन राह्यलं! तुमाले सांगतलं होतं मी. पुढच्या साली मी बसत नाई त्या जागेत. हाव म्हनले होते तुमी."

विकासनं जगदेवरावांकडे पाहिलं. आपण कशाला हाव म्हणालो होतो, ते तो आत्ता आठवायचा प्रयत्न करत होता, हे सगळ्यांना दिसलं.

"ते नियम बदलतात वैनी," जगदेवराव म्हणाले. "सरकारचं काय, आज एक, उद्या एक. अर्ज करून पाहू आपून. ओळखी हायेत. एक साल काय मोठी गोष्ट हाय? पुढच्या साली सगळं सोपं होते. बिनघोर जा तवा."

"पुढच्या साली काय सोपं होते?"

"म्हंजे... दिवस काय सारखे राह्यतात का?"

"काय बदलते, तेवढं सांगा न भाऊजी. आत्याबाईचं हाड जुळते? रंजीताताई इथं राहाले येतात? हे पाठ पुसाले शिकतात?"

जगदेवराव पंख्याकडे पाहू लागले. रंजीतानं कप गोळा करायला घेतले, त्यातला एक अजून भरलेला होता. विकासनं दारातून बाहेर मान काढली, जणू कुणी हाक मारली.

"बोला न," वैजयंती म्हणाली. "तिघंबी म्हनता पुढच्या साली, पुढच्या साली. पुढच्या सालीले काय होनार हाय या घरात? एकानं तरी तोंडातून काढा!"

तिला स्वतःलाही तो शब्द येत होता, जिभेच्या अगदी टोकाशी, आणि तीही तो काढू शकत नव्हती. ती रागानं रडायला लागली, आणि रडू आलं म्हणून अजूनच रागावली.

"मी मरते," भिंतीकडून आवाज आला.

रंजीताच्या हातातला कप कलंडला.

"पुढच्या साली मी मरते. ते होनार हाय," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी उशीवरची मान वळवली. तेवढंच त्यांना स्वतःचं स्वतः वळवता यायचं. "मंग वैजंती मोकळी. तेच न, जवाई? पंख्याकडं काय पाह्यता, मी इथं हाव."

"असं काय बोलतं वं माय!" रंजीतानं पदर तोंडाला लावला.

"मंग कसं बोलू? सालभर तुमीच बोलून राह्यले माह्या डोक्यावरून. संक्रांत म्हनले, होळी म्हनले. मी काय बहिरी हाव?" त्यांना दम लागला. वैजयंती सवयीनं पुढं झाली, उशी वर सरकवायला. हौसाबाईंनी तिचं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती.

"तूबी," त्या म्हणाल्या. "तूबी वाट पाह्यतं. पाठ पुसतानी हात थांबते तुहा. मले समजते. रोज समजते."

वैजयंतीनं नाही म्हटलं नाही. तिच्या तोंडाशी ते आलं होतं, सगळ्यांच्या तोंडाशी येतं तसं, पण तिनं ते गिळलं आणि मान हलवली. हो.

हौसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग विकासकडे, मग रंजीताकडे.

"इतली निगा राखली इनं माही," त्या म्हणाल्या. "अन् मी पुढच्या सालीबी नाई मेली तं?"